दोन ठोक्यांची उसंत

आमच्या घराची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता. बोळ म्हणजे काय, एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. पलीकडे कापड विणणारे चोवीस लूम दिवसपाळी-रातपाळी खटखटत असायचे आणि अलीकडे आम्ही जेवायचो, भांडायचो, पाढे पाठ करायचो, झोपायचो. गावाहून पाहुणे आले की पहिला अर्धा तास कपाळाला आठ्या घालून बसायचे. आम्हाला मात्र तो आवाज ऐकूच यायचा नाही. कळशीतल्या पाण्यावर सारखी एक बारीक थरथर असायची, आणि पाणी असंच असतं अशी माझी बरीच मोठी होईपर्यंत समजूत होती. पहिल्यांदा मामाच्या गावी गेले तेव्हा हंड्यातलं पाणी निपचित पडलेलं बघून मी आईला विचारलं होतं, हे पाणी मेलंय का?

या आवाजामुळे आमच्या गल्लीतली सगळी माणसं मोठ्यानं बोलायची. बाबा दुसऱ्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून पुन्हा चालता करणारे. त्यांचे कान तर कामातूनच गेले होते. ते 'जरा मीठ दे' म्हणाले तरी सभेत भाषण चालल्यासारखं वाटायचं. भांडणंही लूमच्या आडोशानंच चालायची. शुक्रवारी कारखाने बंद असत, त्या दिवशी एका घरात चमचा पडला तर तीन घरांत कळायचं, म्हणून शुक्रवारी आमच्याकडे कोणी भांडत नसे. उरलेलं भांडण शनिवारी सकाळी लूम सुरू झाले की जिथं सोडलं तिथून पुढं चालू व्हायचं.

खरी परीक्षा असायची ती लाइट गेल्यावर. लाइट गेली तरी लूम एकदम थांबत नाहीत. अंगातला जोर ओसरताना आणखी दोन ठोके टाकतात आणि मग शांत होतात. गल्लीतल्या जाणत्या माणसांना ते दोन ठोके पुरायचे. पहिला ठोका सैल पडला की तोंडातलं वाक्य तिथल्या तिथं गिळायचं, नाहीतर त्याचं शेपूट बदलायचं. आमच्या शेजारच्या खालाबी त्यात पटाईत. सासूच्या नावानं त्यांचा 'अल्ला करे तुमको' सुरू असायचा आणि तेवढ्यात लाइट गेली की त्याच दमात 'लंबी उमर दे, अम्मा' असा त्याचा शेवट व्हायचा. आम्हा पोरांना मात्र ते जमायचं नाही. सगळं थांबलं तरी आमची वाक्यं आपली पुढं पळत राहायची आणि गल्लीभर हशा व्हायचा.

त्यातही मी सगळ्यात ढ. राग माझ्या नाकावर बसलेला असतो असं आई म्हणायची. पण नाक तर लांबच राहिलं, माझा राग दातांत होता. मी चावायची. आठ-नऊ वर्षांची घोडी झाले तरी चावायची. धाकट्या भावाच्या, बाळूच्या, दंडावर माझ्या दातांचा शिक्का कायम असायचा, एक जुना होतो तोवर दुसरा. हवं ते मिळालं नाही की मी भिंतीवर डोकं आपटायची, ताट भिरकवायची. आईनं लाटण्यानं मारून पाहिलं, मिरचीची धुरी दिली. बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, ते दर रविवारी आम्हाला विहारात वंदनेला नेणारे, तरी त्यांची पाठ वळल्यावर आईनं माझ्यावरून मीठ-मोहरीसुद्धा उतरवून टाकली. विहारात सगळी पोरं डोळे मिटून बसायची आणि मी एक डोळा किलकिला करून कोण कोण हललं ते बघायची, आणि वंदना चालू असताना मोठ्यानं सांगायचीही. बाबांची मान खाली जायची. 'एवढी मोठी झालीस, जरा आवर की स्वतःला,' असं मला रोज कोणी ना कोणी सांगायचं. आवरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कुठं धरायचं, हे कोणीच सांगत नव्हतं. पी हळद आणि हो गोरी, असं होतं ते सगळं.

मग आत्या आली. शेवंता आत्या, बाबांची थोरली बहीण. अंबाडीच्या पुढं एका गावात दिली होती. मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी बायको घरात आणली, आणि एके दिवशी आत्या पत्र्याची पेटी घेऊन बाहेर पडली. आधी ती वळ गावी धाकट्या काकांकडे गेली. तिथं काकूनं तिचं अंथरूण गोठ्याच्या पडवीत टाकलं. बाबांना हे कळलं तसे ते सायकलवरून वळला गेले आणि पेटी कॅरिअरला बांधून, आत्याला शेजारून चालवत, घरी घेऊन आले. आत्या उंच, काटक, दातांना मिसरी लावणारी. घर आमचं एक खोली आणि पुढं ओटा. त्या खोलीत आता पाच माणसं झाली.

आत्यानं आल्या आल्या दोन गोष्टी ताब्यात घेतल्या. एक चूल आणि दुसरी मी. तिच्या हाताला चव होती. वालाचं बिरडं, करंदीचं कालवण, तव्यावर चुरचुरणारे सुके बोंबील आणि पातळ, पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या भाकऱ्या. बाबा जेवताना 'वा ताई, वा' असं इतक्या मोठ्यानं म्हणायचे की खालाबी भिंतीपलीकडून 'क्या पकाया?' म्हणून विचारायच्या. आई खाली मान घालून वाढत राहायची. तिच्या हातचं जेवून बाबा अकरा वर्षांत कधी वा म्हणाले नव्हते. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. आता आई गेल्यावर मला रोज दिसतं.

माझ्या बाबतीत आत्यानं काय केलं ते सांगते. बाळूनं माझी पेन्सिल घेतली म्हणून मी त्याला चावले आणि आई लाटणं घेऊन धावली. आत्या मध्ये आली. तिनं मला मागून कवळ्यात घट्ट धरलं. मी लाथा झाडल्या, थुंकले, शिव्या दिल्या. ती नुसती धरून राहिली. बऱ्याच वेळानं माझे पाय ढिले पडले तेव्हा तिनं मला त्या बोळात नेलं आणि कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. 'आता वरड,' ती माझ्या कानाशी ओरडली. 'काय वरडायचं हाय ते वरड. भितीला सांग. ती कोनाला सांगत न्हाय.' मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पोट रिकामं होईपर्यंत ओरडले आणि बाहेर आले तर मला भूक लागली होती. तेव्हापासून राग आला की मी बोळात पळायची. कधी वाटेतच कोणाला तरी चावायची, पण हळूहळू वाटेत थांबणं कमी झालं.

दुसरी शाळा चरख्याची. आई घरी कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. आत्या तिच्या जोडीला बसू लागली आणि शाळा सुटल्यावर मलाही बसवू लागली. तार तुटली की मी चाक तसंच फिरवत ठेवून तुटलेलं टोक शोधायची, सूत आणखी गुंतायचं आणि मी सगळी कांडी फेकून द्यायची. आत्या ती उचलून आणायची. 'नंदे, चाक फिरतंय तवर टोक गावनार न्हाय. आधी चाक थांबव. मंग टोक.' हे तिनं मला शंभरदा सांगितलं असेल आणि एकदाही आवाज चढवला नाही. शंभरदा सांगावं लागतं हे तिला ठाऊक होतं. ज्या बाईला स्वतःचं मूल झालं नाही तिला ते ठाऊक होतं.

मी पुढं बालवाडीची बाई झाले. आता नोकरी संपत आली. एका प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं होतं की कपाळामागचा मेंदू सगळ्यात शेवटी पिकतो, पार विशी ओलांडल्यावर. थांबणं, वाट बघणं, तोंडातला शब्द मागं घेणं, हे सगळं त्याचं काम. तोवर पोराचा लगाम मोठ्यांच्या हातात असतो आणि तोच हात बघून बघून पोर आपला लगाम धरायला शिकतं. बाकीच्या बाया लिहून घेत होत्या. मी आत्याचं कवळं आठवत बसले होते. आमच्या बालवाडीत खिचडी वाढून झाली तरी सगळ्यांची ताटं भरेपर्यंत थांबायचं असा नियम आहे. चार वर्षांची पोरं कशी थांबतात ते बघण्यासारखं असतं. एक जण स्वतःच्या हातांवर बसतो, एक ताटाकडे पाठ करते, एक डोळे मिटून खिचडीचंच गाणं म्हणतो. एखाद्याला नाहीच राहवत आणि तो घास घेतो. मी त्याला ओरडत नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसते.

आता तो दिवस. त्याच्या चार-पाच दिवस आधी आई नळावर खालाबींजवळ मन मोकळं करत होती आणि मी बादली धरून उभी होते. 'नवऱ्यानं टाकलेली, आमच्या उरावर येऊन बसलीय,' आई म्हणाली. 'माझ्याच घरात मी पाहुणी झाले.' खालाबी म्हणाल्या, 'जाने दो, दुखी औरत है.' आईनं डोळे पुसले आणि बादली उचलली. आई वाईट नव्हती. दिवसभर सूत, धूर आणि एका खोलीत पाच माणसं, आणि जी वाहवा तिला कधी मिळाली नाही ती रोज डोळ्यांदेखत दुसरीला. पण मी नऊ वर्षांची. मला त्यातलं फक्त वाक्य तेवढं आवडलं. त्यात काहीतरी तिखट होतं आणि ते मी जपून ठेवलं.

दुपारची वेळ होती. बाळूला ताप येऊन गेला होता, म्हणून आत्यानं तव्यावरच्या बोंबलाचा शेवटचा तुकडा त्याच्या ताटात टाकला. माझ्या वाट्याला नुसतं कालवण. एवढंच. मी ताट भिरकावलं नाही, बाळूला चावले नाही. शहाण्यासारखी उठून बोळात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि ओरडू लागले. आत्या दुष्ट आहे, आत्याला बाळूच आवडतो, आत्या मरू दे. मग ते जपून ठेवलेलं वाक्य आठवलं आणि मी सगळा जीव एकवटून सुरुवात केली. तेवढ्यात पहिला ठोका सैल पडला. मला तो कळला. आजही शपथेवर सांगते, मला तो कळला होता. पण वाक्य निघालं होतं आणि ते धरायला माझ्याकडे काही नव्हतं. 'नवऱ्यानं टाकलेली! आमच्या उरावर येऊन बसलीय!' दुसरा ठोका पडला आणि 'उरावर येऊन बसलीय' ही अक्षरं आमच्या सबंध गल्लीनं ऐकली.

बोळातून बाहेर आले तर कोणीही हसत नव्हतं. खालाबी त्यांच्या दारात उभ्या होत्या आणि आईकडे बघत होत्या. आई ओट्यावर, हातात कांडी. आत्या चुलीपुढून उठली, हाताचं पीठ धुतलं, पुसलं, आणि खाटेखालची पेटी ओढून तिच्यात लुगडी भरायला लागली. 'ताई, अहो पोरगी आहे ती,' आई म्हणाली. तिचा आवाज कसातरीच झाला होता. आत्या म्हणाली, 'सुमे, नऊ वर्साच्या पोरीला ऊर म्हंजे काय ते तरी ठावं हाय का? ह्या घरात कोन तरी बोललं असल. मी जाते वळला. गोठा तर गोठा.' वळला काकू तिला कशी वागवेल ते आम्हा पोरांनाही माहीत होतं. आत्या तिथून आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पायांना गोचिडांचे चट्टे होते.

लाइट गेल्यामुळे बाबांचा कारखानाही बंद पडला होता, म्हणून ते घरी आले. भरलेली पेटी बघून दारातच थांबले. खालाबींच्या नवऱ्यानं गल्लीच्या तोंडाशीच त्यांना काय ते सांगितलं असावं. त्यांनी मला समोर उभं केलं. 'कोणी शिकवलं तुला हे?' लाइट नव्हती, लूम बंद होते, आणि बाबा नेहमीच्याच आवाजात ओरडले. 'खरं सांग नंदे. आत्याच तुला सांगते ना खरं बोलायला? कोण म्हणालं हे?'

मी आईकडे पाहिलं. तिनं दाराची चौकट धरली होती. ती काही खुणावत नव्हती, नको सांगू असंही म्हणत नव्हती. नुसती बघत होती, मी मार खाताना जशी तिच्याकडे बघायची तशी. आई हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. केवढा लहान शब्द, आणि मी आजवर असला एकही शब्द तोंडात ठेवलेला नव्हता. तो बोलले तर आत्या जाणार आणि बाबा आईला आयुष्यभर ते ऐकवणार. एवढं सगळं मला तेव्हा नीट कळलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच आठवतं की मी श्वास धरला, जीभ दातांत धरली आणि जिभेला रक्ताची चव येईपर्यंत चावली. चावायचीच सवय होती ना. मग म्हणाले, 'कोणी नाही. माझ्याच मनानं.'

बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. त्यांनी मला मारलेलं ते पहिलं आणि शेवटचं. पुन्हा हात उगारला तो आत्यानं धरला. 'बस झालं. पोर हाय ते. पोराच्या तोंडाला कडी नसते.' तिनं माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग पेटीतली लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकली. पोरीचंच बोलणं आहे म्हटल्यावर राग धरायला जागा उरली नव्हती. संध्याकाळी लाइट आली, लूम सुरू झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतर मी गप्प झाले. बोळात जाणं सोडलं. कोणाला चावले नाही, काही फेकलं नाही. बाळूनं गंमत म्हणून केस ओढले तर त्याच्याकडे नुसती बघत राहिले, आणि तो घाबरून आईकडे पळाला. विहारात दोन्ही डोळे मिटून बसले. शाळेतल्या बाईंनी बाबांना निरोप पाठवला की मुलगी सुधारली. 'एका थोबाडीत शहाणी झाली,' गल्लीत सगळे म्हणू लागले आणि बाबांची मान वर झाली. पण मला जेवण जाईना, पोटात सारखं पिळायचं, आणि कधीच सुटलेली जुनी सवय परत आली. सकाळी माझं अंथरूण ओलं असायचं. आई ते उचलायची, धुवायची, वाळत घालायची. तिनं त्या दिवसापासून माझ्यावर हात उगारला नव्हता. एकदा माझ्या हातून तेलाची बरणी फुटली. मी मार खायला उभी राहिले तर आईनं तोंड फिरवलं आणि सांडलेल्या तेलावर टाकायला राख आणायला गेली. मार चुकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. माझी आई मला भीत होती, आणि ते मला कोणालाही सांगता येत नव्हतं.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी आईनं माझी ओली गोधडी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. आत्या ओट्यावर चरख्यापाशी होती. आई गोधडी घेऊनच तिच्यापुढं जाऊन म्हणाली, 'ताई, ते माझं होतं.' लूम जोरात चालू होते. आत्या म्हणाली, 'काय?' असल्या गोष्टी माणूस हळू आवाजात सांगतो, पण आमच्या घरात हळू आवाजाची सोय नव्हती. आईला ओरडावं लागलं. 'नंदी बोलली ते! नळावर मी बोलले होते! पोरीनं माझं नाव घेतलं नाही!' आणि ती गोधडीत तोंड घालून रडायला लागली. लाइट जाईल की काय म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. लाइट गेली नाही. ते शब्द आम्ही तिघींनीच ऐकले.

आत्यानं चाकावर हात ठेवला. आईकडे पाहिलं नाही. 'सुमे, तुझं नि माझं आपुन मागनं बघू,' ती म्हणाली. 'आधी पोरीला हिकडं पाठव.' मी गेले तशी तिनं मला मांडीवर ओढून घेतलं. माझे पाय ओट्याखाली लोंबत होते एवढी मी मोठी होते. तिनं माझी हनुवटी धरली. 'कोनी तरी बोललं असल हे मला त्याच दिशी कळलं व्हतं. तू गिळून बसलीस ते न्हाय कळलं. मला वाटलं पोर सुधारलं. मी पन मूर्ख.' मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, 'नऊ वर्साची हायस तू. एवढं मोठं गप राहायचं वय न्हाय तुझं. ते आमचं काम व्हतं.'

त्यांचं ते मागनं बघायचं त्यांनी कधी आणि कसं बघितलं, मला माहीत नाही. काही दिवस दोघी कामापुरतंच बोलत होत्या, मग कधीतरी पुन्हा एकत्र सुकट निवडायला बसल्या. आत्या शेवटपर्यंत आमच्याच घरात राहिली. आणि मी, शांत पोराला शहाणं म्हणायच्या आधी त्याचं पोट दुखतंय का ते विचारायला शिकले. माझ्या सगळ्या नोकरीत मी जर काही खरं केलं असेल तर ते एवढंच.

त्या सकाळी मात्र मी रडले. पंधरा-वीस दिवसांचं एकदम. आत्याच्या छातीवर डोकं आपटून, पाय झाडून, शेंबूड तिच्या लुगड्याला पुसत रडले. बाळू येऊन बघून गेला. आई गोधडी धरून तशीच उभी होती, जवळ यावं की येऊ नये तिला कळत नव्हतं. माझं संपेचना, तेव्हा आत्यानं तिच्याकडे न बघताच हात लांब केला, तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि मला उचलून तिच्या मांडीत टाकलं. 'धर हिला,' ती ओरडून म्हणाली, 'माझी मांडी दुखाया लागली.'